आधी त्याला खरं सांगा

प्रश्न : मी 38 वर्षांची, पुण्यात राहते, नोकरी करते. माझा धाकटा भाऊ राजू (नाव बदललं आहे) 31 वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे, प्रमाणपत्रावर 75 टक्के बौद्धिक दिव्यांगत्व आहे. तो आणि आई कराडला असतात. अठराव्या वर्षापर्यंत तो विशेष शाळेत जायचा, तेव्हापासून घरीच आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. रोज संध्याकाळी पाचला ते राजूला स्कूटरवरून नदीकाठी प्रीतिसंगमावर न्यायचे. दीड वर्षापूर्वी बाबा हार्ट अटॅकने गेले. राजूला सोसणार नाही म्हणून त्या दिवशी त्याला शेजारी ठेवलं आणि ‘बाबा पुण्याला गेलेत’ असं सांगितलं. अजूनही तेच सांगतो. बाबांचा फोटोसुद्धा कपाटात ठेवलाय.

वर्षभरात राजू पार बदललाय. दिवसभर टीव्हीसमोर पेंगतो. वजन वाढलंय, बोलणं कमी झालंय, मधूनच ताट ढकलून देतो. लहानपणानंतर कधी झालं नव्हतं, पण तीन-चार वेळा अंथरूण ओलं केलं. पाच वाजले की चपला घालून दारात बसतो. मी गेले की दार उघडतो आणि माझ्या मागे बघतो. डॉक्टर म्हणाले, ‘या मुलांचं असंच असतं.’ आई 67 वर्षांची. त्याची अंघोळ, भरवणं सगळं तीच करते. गुडघे गेलेत तिचे. रोज देवापुढे म्हणते, ‘माझ्या आधी याला ने.’ मामा म्हणतात, घर तुझ्या नावावर करून घे, शेवटी तूच बघणार आहेस. माझे यजमान समजूतदार आहेत, पण आमच्या दोन खोल्या, त्यात आठ वर्षांची मुलगी. राजूला पुण्याला आणावं का? त्याचे दिवस थोडे तरी बरे जातील असं काही करता येईल का?
– एक बहीण

ताई,

तुम्ही गेलात की राजू तुमच्या मागे बघतो, हे तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. तो बाबांना शोधतोय. बाबा पुण्यात आहेत असं त्याला घरातल्या सगळ्यांनी सांगितलंय आणि पुण्याहून येणाऱ्या तुम्ही एकट्याच. दर वेळी तुम्ही बाबांना न घेता येता. दुसरा कोणी असता तर त्याने केव्हाच तुमच्याशी कडाक्याचं भांडण काढलं असतं. राजूला तेवढे शब्द जुळवता येत नाहीत, म्हणून तो ताट ढकलतो.

तेव्हा पुणं, घर, मामा हे सगळं मागाहून बघू. आधी राजूला सांगा की बाबा वारले.

आई म्हणेल, माझ्याच्याने होणार नाही. मग तुम्ही सांगा, आईला शेजारी बसू द्या. सकाळची वेळ धरा, म्हणजे त्याला विचारायला, रडायला अख्खा दिवस हाताशी राहील. दोन दिवसांची रजा काढून जा; सांगून त्याच संध्याकाळी गाडी पकडू नका. शब्द अगदी साधे ठेवा : ‘बाबांच्या छातीत दुखलं. त्यांचं हृदय बंद पडलं. बाबा वारले. ते आता परत येणार नाहीत.’ देवाघरी गेले, झोपले, तारा झाले, असलं काही नको. देवाघरी गेलेला माणूस एखाद्या दिवशी परतेल असं त्याला वाटणारच, गावाला गेलेली माणसं परततातच की. झोपले म्हणाल तर तो रात्री डोळे मिटायला घाबरेल. आणि हेही सांगा की ‘पुण्याला गेले म्हणालो ते खोटं होतं, आमचं चुकलं.’ एकतीस वर्षांच्या माणसाची माफी मागताना जसं बोलाल तसंच बोला, लाडीगोडी लावू नका.

तो कदाचित हंबरडा फोडेल. कदाचित ‘बरं’ म्हणून टीव्ही लावेल आणि तुम्हाला वाटेल, याला काही कळलंच नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या माणसाचं दुःख पुष्कळदा उशिरा बाहेर येतं आणि शब्दांऐवजी वागण्यातून येतं : झोप बिघडते, जेवण बिघडतं, येत असलेल्या गोष्टी सुटतात. आपण त्याला हट्ट म्हणून मोकळे होतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारेल, बाबा कधी येणार? तेच उत्तर त्याच शब्दांत द्यायचं, न वैतागता. काही महिने हे चालेल. फोटो कपाटातून काढून भिंतीवर लावा आणि हार घालायचं काम त्याच्याकडे द्या. अंत्यविधीला त्याला नेलं नाही, ते आता भरून येणारं नाही. पण श्राद्ध दर वर्षी येतं, सर्वपित्री येते. त्याला पाटावर बसवा, तर्पणाचं पाणी त्याच्या हातून सोडा. ‘याला काय समजतंय’ असं भटजी किंवा काका म्हणालेच, तर शांतपणे सांगा की तो त्यांचा मुलगा आहे. बाबांची एखादी वस्तू, घड्याळ म्हणा, स्कूटरची किल्ली म्हणा, त्याच्या ताब्यात असू द्या. स्कूटर विकायची असेल तर आधी त्याच्या कानावर घाला.

आता डॉक्टरांचं. ‘या मुलांचं असंच असतं’ हे मला मुळीच पटलेलं नाही. राजू पहिल्यापासून असाच असता तर तुम्ही पत्र लिहिलंच नसतं. तो बदललाय, आणि बदलाला कारण असतं. दुःख हे एक कारण झालं, पण सगळं दुःखावर ढकलून तपासण्या टाळणं हीदेखील तीच चूक होईल. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं अतिशय सर्रास आढळतं, आणि तुम्ही लिहिलेली निम्मी लक्षणं, म्हणजे सुस्ती, वाढलेलं वजन, उदासी, तिथे तंतोतंत बसतात. टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी अशा माणसाची दर वर्षी व्हायला हवी. राजूची शेवटची कधी झाली ते आईला विचारा. रात्री तो घोरतो का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतो का, हे एक रात्र जागून बघा. अशा अडकणाऱ्या श्वासाने, म्हणजे स्लीप ॲप्नियाने, रात्रीची झोप फुकट जाते आणि माणूस दिवसा टीव्हीसमोर पेंगतो. कानाची नळी अरुंद असल्याने मळ साचून ऐकू येणं कमी होतं, आणि कमी ऐकू येणारा माणूस बोलायचाही कमी होतो. मोतीबिंदूही या मंडळींना लवकर होतो. रक्तातली साखर, बी-12, दात-हिरड्या एकाच फेरीत उरकून घ्या. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हेही विचारून घ्या.

अंथरूण ओलं होण्याकडे मात्र हयगय नको. लघवीचा संसर्ग असेल, साखर असेल, मनावरचा ताणही असेल. पण डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. ते सरकून मज्जारज्जूवर दाब आला तर लघवीवरचा ताबा जातो, चाल अडखळते, हातातली पकड ढिली होते. राजू चालताना धडपडतोय किंवा हातातून भांडं सुटतंय असं दिसलं, तर त्याच दिवशी हाडांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर मानेला मालीश वगैरे कोणी सुचवलं तर करू देऊ नका.

कोणीतरी ‘स्मृतिभ्रंश सुरू झालाय’ असंही म्हणेल. डाउन सिंड्रोममध्ये अल्झायमर लवकर येतो हे खरं, पण तो सहसा चाळिशीनंतरचा विषय. एकतिसाव्या वर्षी ते लेबल लावण्याआधी बाकीची सगळी कारणं तपासून बाद झालेली असली पाहिजेत. तपासण्या ठीक आल्या आणि खरं सांगून तीन-चार महिने उलटल्यावरही तो असाच मिटलेला राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. नैराश्य त्यालाही येतं आणि औषधाने त्यालाही बरं वाटतं.

दवाखान्यात जाण्याआधी घरी दोन दिवस रंगीत तालीम करा. हाताला रिबन बांधून ‘आता टुच्च होणार’, कानात मोबाइलचा दिवा, छातीला वाटी लावून ‘श्वास घे’. डॉक्टरांसाठी एका कागदावर काय बदललं, केव्हापासून, एवढंच लिहून न्या, म्हणजे ते सगळं तुम्हाला त्याच्या डोक्यावरून सांगावं लागणार नाही. डॉक्टरांना पहिलाच प्रश्न राजूला विचारायला सांगा. तो उत्तर देईपर्यंत थांबायलाही सांगा. मनात दहापर्यंत अंक मोजून होईपर्यंत कोणी मध्ये बोलायचं नाही. आपण तिसऱ्या अंकालाच त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकतो, आणि मग तो बोलत नाही अशी तक्रार करतो.

त्याच्या दिवसांबद्दल तुम्ही विचारलंय. राजूच्या दिवसात राजूचं असं काय आहे? अंघोळ आई घालते, घास आई भरवते, कपडे आई काढून ठेवते, चॅनल लागलेला असेल तो. पूर्वी पाच वाजताची फेरी तेवढी त्याची होती, तीही बाबांबरोबर गेली. शाळेच्या जुन्या अहवालात कुठेतरी ‘मानसिक वय 5’ असं लिहिलेलं असेल आणि तेव्हापासून घरात पाच वर्षांचं मूल वाढत असेल. पाच वर्षांच्या मुलाला दाढी येत नाही. त्याला एकतीस पावसाळ्यांची आठवणही नसते. गणितात तो पाच वर्षांचा असेल, पण शरीराने, इच्छांनी आणि मानापमानाने तो पुरता पुरुष आहे. त्याला अंघोळ घालण्यातली अडचण आईच्या गुडघ्यांपुरती नाही. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत हा प्रश्न दबक्या आवाजात असतो म्हणून मीच सांगते : तो स्वतःच्या शरीराला हात लावत असेल तर ओरडायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. ‘हे आपल्या खोलीत, दार लावून’ एवढंच सांगायचं. त्यासाठी दार लावता येईल अशी खोली त्याला असायला हवी आणि आत जाताना आईनेही टकटक करायला हवी.

अंघोळीपासूनच सुरुवात करू, कारण ती रोज होते. आपण शिकवताना पहिल्या पायरीपासून सुरू करतो, बादली लाव, पाणी काढ, आणि तिसऱ्या पायरीला सगळंच फिसकटतं. विशेष शिक्षक बऱ्याचदा उलट्या बाजूने शिकवतात. पहिला आठवडा सगळी अंघोळ आई घालेल, पण शेवटचा मग राजू स्वतःच्या अंगावर ओतेल आणि पंच्याने अंग पुसेल. झाली अंघोळ! ती त्याने संपवली. ते पक्कं झालं की शेवटचे सगळे मग त्याचे. मग पाय घासणं, मग पोट आणि हात, मग साबण लावणं. पाठ राहू द्या शेवटी, ती आपलीसुद्धा कुठे नीट निघते. विसण घालून पाणी आधीच बेताचं करून ठेवा आणि गरम पाण्याचा नळ त्याच्या हाताशी नको, ही एक गोष्ट महिनोन्‌महिने आईच्याच हातात राहू द्या. कपडे घालून तो प्रत्येक पायरी करत असल्याचे फोटो मोबाइलवर काढा, प्रिंट करून, प्लॅस्टिक लावून बाथरूमच्या भिंतीवर ओळीने चिकटवा. फोटोत तो स्वतः असावा, शाळेच्या तक्त्यावरचा गुटगुटीत बाळ्या नको. चार-सहा महिने जातील. आईला हे फार जड जाणार आहे, कारण तिने घातली तर दहा मिनिटांत होते आणि त्याला अर्धा तास लागतो. पण त्याला दुसरं घाईचं काम काय आहे?

निवड हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. ‘काय हवं?’ असा मोकळा प्रश्न त्याला पेलणार नाही. दोन शर्ट हातात धरून दाखवा. डाउन सिंड्रोमची बरीच मंडळी समोरच्याला खूश करायला ‘हो’ म्हणतात, नाहीतर शेवटी ऐकलेला शब्दच परत म्हणतात. ‘पोहे की उपमा?’ तर उपमा. उद्या ‘उपमा की पोहे?’ असं विचारून बघा. दोन्ही दिवशी एकच उत्तर आलं तर ती निवड. त्याने मेच्या उन्हात घालायला लोकरीचा स्वेटर निवडला तर समजवा. पण लाल शर्टावर हिरवी पँट निवडली तर जाऊ द्या बाहेर तसाच. कराडमध्ये त्याहून भडक कपडे घालून हिंडणारी माणसं आहेत.

पाचची फेरी मात्र ताबडतोब सुरू करा. आई नेऊ शकणार नाही. संगमावर बाबांच्या बरोबरीने बसणारे कोणी निवृत्त मित्र असतीलच. त्यांना राजू ठाऊक आहे. त्यांना आठवड्यातले दोन दिवस मागा. बाकीच्या दिवसांसाठी जवळपास राहणारा एखादा कॉलेजचा मुलगा महिन्याच्या पैशांवर ठरवा. उपकारावर चालणारी गोष्ट परीक्षा आली की बंद पडते, पगारावर चालणारी टिकते. चालत न्या, स्कूटर नको, वजनालाही ते बरं. वाटेत रोज एकाच भाजीवालीकडून कोथिंबिरीची जुडी राजूने घ्यायची, पैसे त्याने द्यायचे. ती बाई महिन्याभरात त्याला नावाने हाक मारेल. कधी चुकला तर ती शोधायलाही येईल. माझ्या लेखी ही सुरक्षितता कुलूप लावलेल्या दारापेक्षा मोलाची आहे.

मग काम. अठरानंतर विशेष शाळा संपते आणि आपल्याकडे इथेच बहुतेकांचं आयुष्य दिवाणखान्यात येऊन थांबतं. मोठ्यांसाठीच्या कार्यशाळा राज्यात आहेत. पणत्या रंगवणं, राख्या, कागदी पिशव्या, उदबत्त्या, फायली असं काम तिथे चालतं. साताऱ्याला जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा आणि त्याच्या जुन्या शाळेलाही फोन करा, त्यांना आसपासचं ठाऊक असतं. मिळणारं विद्यावेतन किरकोळ असेल, त्यावरून कार्यशाळा तोलू नका. डबा घेऊन घराबाहेर पडणं, तिथे कोणाशी तरी दोस्ती आणि कोणाशी तरी भांडण होणं, रविवारी सुट्टी वाटणं, हे त्याला तेरा वर्षांत मिळालेलं नाही. मुंबईत जुहूला अर्पण कॅफे ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेली मोठी माणसं चालवतात. गिऱ्हाईक पैसे मोजून खातं, कौतुक म्हणून नाही. तेवढं कराडला नसेल, पण रोपवाटिकेत पिशव्या भरायला, दुकानात माल लावायला दिवसाचे दोन तास कोणी ठेवून घेतंय का ते बघा. नगरपालिकेलाही स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. तो 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, पाहुणे, हार आणि बिस्किटपुडे यांतच संपतो की आणखी कशावर खर्च होतो, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आईबद्दल जरा जपून लिहिते. ‘माझ्या आधी याला ने’ हे मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की त्यात मला क्रौर्य दिसत नाही, फक्त दमणूक दिसते. पण हे ती देवापुढे मोठ्याने म्हणते आणि राजू त्याच घरात असतो. त्याला ऐकू जातं. शिवाय हिशेबही तिला सांगा. अमेरिकेत 1983 साली डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान 25 होतं, आता ते 60 च्या घरात आहे. राजू 31 चा आहे. तो तिच्या आधी जाईल यावर घराचं गणित मांडता येणार नाही, तिच्यानंतरच्या वीस-तीस वर्षांचंच मांडावं लागेल. हे गणित काही घरांनी फार पूर्वी मांडलं. मुंबईतल्या वकील आडनावाच्या दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी, जयसाठी, 1944 साली शाळा काढली. ती जय वकील संस्था आजही चालू आहे. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलापायी 1977 मध्ये प्रबोधिनी ही अशीच शाळा उभी केली. तुमच्या आईने संस्था काढावी असं कोण म्हणतंय! तिला महिन्यातून एकदा अशाच दुसऱ्या चार आयांबरोबर चहा मिळाला तरी पुष्कळ. पालकांच्या संघटना असतात, ‘परिवार’ हा त्यांचा देशव्यापी महासंघ आहे. आणि राजू फिरायला गेला की तो तास तिचा. त्या तासात तिने स्वयंपाकाला लागू नये.

घराविषयी मामांचं ऐकू नका. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही आणि राजू तिघांचा त्या घरात सारखा हिस्सा आहे. दिव्यांगत्वामुळे वारसाहक्क जात नाही. तुमची नियत कितीही स्वच्छ असो, राजूचा अंगठा घेऊन केलेलं हक्कसोडपत्र उद्या कोर्टात टिकणार नाही आणि टिकलं तर ते त्याहून वाईट. त्याचा हिस्सा त्याच्या नावावरच राहू द्या. आईने तिच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करावं. राजूसाठी न्यास (ट्रस्ट) करणं परवडतंय का, ते वकिलांशी बोलून ठरवा.

पेन्शन हा बहुतेकांच्या हातून निसटणारा मुद्दा. आईला आत्ता कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल. बौद्धिक दिव्यांगत्वामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अपत्याला, वयाची अट न लावता, आईच्या पश्चात ते आयुष्यभर मिळू शकतं. पण आई गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तिच्या हयातीतच बाबांच्या कार्यालयामार्फत अर्ज करून राजूचं नाव नोंदवून घ्या. जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागेल. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलेलं नसेल तर त्याच फेरीत काढा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, 1 लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. रेल्वेत साध्या आणि शयनयान डब्यात त्याला 75 टक्के सवलत आहे, तेवढीच सोबत्यालाही, पुण्याच्या फेऱ्यांना ती कामी येईल.

आणि हो, पुण्याच्या फेऱ्या कराच, पण कायमचा आणू नका. निदान आत्ता नाही. बाबा गेले, त्यात घर, गल्ली, संगम आणि आई हेही एका दमात गेलं तर त्याला उभं राहायला काही उरणार नाही. दोन खोल्यांत तुमची मुलगी आणि यजमानही अवघडतील, आणि तो राग शेवटी राजूवरच निघेल. यजमानांची बाजू रास्त आहे, ती त्यांनी बोलून दाखवली तर दुखावू नका. तीन-चार दिवसांच्या मुक्कामापासून सुरुवात करा. त्या दिवसांत आईला मोकळीक मिळेल आणि तुम्हालाही रोजचा राजू कळेल. तुमच्या मुलीला तिच्या मामाबद्दल सगळं खरं सांगा; मुलं फार कमी गोष्टींना घाबरतात. भावनेच्या भरात आईला ‘मी त्याला कधी बाहेर ठेवणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. बदलापूरचं ‘आधार’, पुण्याजवळ मारुंजीचं ‘नवक्षितिज’ अशी मोठ्यांसाठीची निवासी ठिकाणं राजूला बरोबर घेऊन बघून या. तिथे गेलात की बाग आणि रंगरंगोटी बघत बसू नका. दुपारी तीन वाजता माणसं काय करत असतात ते बघा, संडासाला दारं आणि कड्या आहेत का बघा, प्रत्येकाचे कपडे ज्याचे-त्याचे आहेत का विचारा, न कळवता भेटायला आलं तर चालेल का हेही विचारा. आणि राजू तिथून निघताना काय करतो, त्याकडे नीट लक्ष द्या. प्रतीक्षायादी लांब असू शकते, नाव घातलं म्हणजे पाठवावंच लागतं असं नाही.

शेवटचं कागदाचं काम. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आईसुद्धा कायद्याने राजूची पालक उरत नाही, हे बहुतेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. आई अर्ज करू शकते, भावंडंही करू शकतात. आईच्या बरोबरीने तुमचंही नाव लावता येतं का, हे अर्ज करतानाच विचारा. पालक झाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दर वर्षी हिशेब द्यावा लागतो, तेव्हा त्याचं बँक खातं वेगळं ठेवा. पालक नेमला म्हणून राजूचं मत संपत नाही; 2016 चा दिव्यांग हक्क कायदा त्याला तुमच्या-माझ्याइतकीच कायदेशीर क्षमता आहे असं मानून चालतो. समितीच्या बैठका वेळेवर होतातच असं नाही. ‘पुढच्या महिन्यात या’ असं सांगून परत पाठवलं, तर अर्ज आवक विभागात देऊन पोचेवर शिक्का आणि क्रमांक घेऊनच तिथून निघा, आणि पुढच्या बैठकीची तारीख लेखी मागा.